कायम करा, पण आधी वर्गात या

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शिक्षकांच्या नोकरीची शाश्वती आणि ती मिळण्याआधीची तीन वर्षं

महोदय,



शिक्षकांविषयी आपल्याकडे येणारी पत्रं बहुधा संघटनांच्या लेटरहेडवर असतात, नाहीतर संस्थाचालकांच्या. हे पत्र त्यांतलं नाही. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. माझा कुठलाही प्रस्ताव आपल्या खात्यात अडकलेला नाही आणि पेन्शन वेळेवर जमा होतं, त्यामुळे जरा मोकळेपणानं लिहिता येईल.

लग्नाच्या पंगतीत, एसटीत, गावच्या पारावर एक वाक्य हमखास कानावर पडतं : मास्तर एकदा कायम झाला की शिकवायचं थांबतो. शिक्षकांकडे त्याचं उत्तरही तयार असतं : आधी खिचडी, मतदारयाद्या आणि रोजची ऑनलाइन माहिती यांतून आम्हाला सोडवा, मग शिकवण्याचं विचारा. ही वाक्यं वर्षानुवर्षं एकमेकांवर आपटतायत. दोन्हींत तथ्य आहे. पण माणूस कायम होण्याआधी त्याला शिकवताना कोणी पाहिलं होतं का, हे दोन्ही बाजूंपैकी कोणीच विचारत नाही.

न शिकवणारे शिक्षक आहेत. प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि त्यांची नावं गटशिक्षणाधिकाऱ्यांपासून सहावीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ असतात. संघटनांनी हे कबूल करायला हरकत नाही. अशा शिक्षकाच्या शेजारच्या वर्गात घसा कोरडा करणाऱ्याचंच त्यात सर्वांत जास्त नुकसान आहे. मात्र कायद्यानं अशा माणसाला अभय दिलंय, हा समज चुकीचा. १९७७ चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आणि १९८१ ची नियमावली उघडून पाहा. शिक्षेची जी कारणं तिथे दिली आहेत, त्यांत गैरवर्तनाबरोबर कर्तव्यात हेतुपुरस्सर आणि सतत केलेली हयगय आहे, अकार्यक्षमताही आहे. अकार्यक्षमता म्हणजे काय, तेही सांगितलंय : वारंवार सूचना देऊन आणि सोयी पुरवूनही अध्यापनात मागे राहणं, आपलं ज्ञान ताजं न ठेवणं, आवाक्यात असूनही ठरल्या मुदतीत अभ्यासक्रम पुरा न करणं. चौकशीसाठी तिघांची समिती असते. एक सदस्य व्यवस्थापनाचा, एक त्या कर्मचाऱ्यानं सुचवलेला आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला. इतकी समंजस रचना सरकारी कागदात क्वचित सापडते.

मग या कारणासाठी नोकरी गेल्याचं सहसा ऐकू का येत नाही? कारण ‘वारंवार सूचना’ कुठे लिहिलेल्याच नसतात. शाळेचं लॉगबुक काढा. तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे वाचा. फलकलेखन सुवाच्य. परिसर स्वच्छ. पोषण आहाराची नोंदवही अद्ययावत. स्वच्छतागृहाला पाणी नाही, व्यवस्था करावी. अमुक शिक्षकाच्या पाचवीच्या वर्गातल्या किती मुलांना सलग वाचता येत नव्हतं, त्यांना काय सांगितलं आणि पुढच्या भेटीत काय बदललं, अशी नोंद शोधून दाखवा. ती नसते. संस्थेनं उद्या त्या शिक्षकाला काढलंच, तर तीस दिवसांत तो शाळा न्यायाधिकरणात अपील करतो आणि संस्थेकडे दाखवायला काही नसतं. न्यायाधिकरणानं कागद पाहूनच निकाल द्यायचा असतो. कायदा काय करणार?

शिवाय हा कायदा झालाच का, याचीही आठवण ठेवायला हवी, कारण ‘शिक्षकांची शाश्वती काढून टाका, आपोआप कामाला लागतील’ असं हल्ली बरेच शहाणे लोक म्हणतात. जूनमध्ये नेमायचं आणि एप्रिलअखेर काढायचं, म्हणजे उन्हाळी सुट्टीचा पगार वाचतो. हा धंदा आमच्या आधीच्या पिढीतल्या शिक्षकांनी सोसला. संस्थाचालकाच्या निवडणुकीत पत्रकं वाटली नाहीत, त्याच्या भाच्याला पास केलं नाही, घरच्या कार्याला वाढपी म्हणून उभं राहायला नकार दिला, यांपैकी काहीही नोकरी जायला पुरेसं होतं. कायदा कागदावर विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे, तरी तिथे सही पूर्ण पगारावर आणि हातात निम्मा, हे चित्र आजही आहे. टप्पा अनुदानासाठी पावसात आझाद मैदानावर बसणारी माणसं २०२५ च्या जुलैतही महाराष्ट्रानं पाहिली. शाश्वती नसलेला शिक्षक जास्त शिकवतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी अशा शाळेच्या शिक्षक-खोलीत एक दुपार काढावी. तिथे चर्चा असते ती शिकवण्या किती आहेत, एलआयसीची एजन्सी कशी चाललीय आणि शेजारच्या गावात जागा निघतेय का, याची.

दुसऱ्या बाजूनं दिला जाणारा पुरावाही टाळून चालणार नाही. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी आंध्र प्रदेशातल्या सरकारी प्राथमिक शाळांत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. कमी शिकलेले, कमी प्रशिक्षित आणि नियमित शिक्षकाच्या तुलनेत नाममात्र पगारावर नेमलेले कंत्राटी शिक्षक मुलांच्या शिकण्याच्या बाबतीत नियमितांपेक्षा मागे पडले नाहीत. कंत्राटीकरणाच्या समर्थकांना हा निष्कर्ष तोंडपाठ असतो. केनियातलं पुढचं प्रकरण मात्र ते सांगत नाहीत. तिथेही कंत्राटी शिक्षकांमुळे मुलं पुढे गेल्याचं दिसलं होतं. मग तीच योजना एका स्वयंसेवी संस्थेनं आणि सरकारी यंत्रणेनं अशी समांतर राबवून पाहिली. संस्थेच्या हाताखाली परिणाम दिसला, सरकारच्या हाताखाली शून्य. नेमणुकीचा प्रकार तोच होता. मला यावरून एवढंच म्हणायचंय की शिक्षक कंत्राटी आहे की कायम, यापेक्षा त्याच्या कामाकडे कोण आणि कसं पाहतं, यानं जास्त फरक पडतो.

तर आता आपल्या तीन वर्षांकडे.

२००० साली महाराष्ट्रानं शिक्षण सेवक योजना आणली. नवा शिक्षक तीन वर्षं मानधनावर काम करतो आणि मग वेतनश्रेणीत येतो. शिक्षक पारखून घेण्यासाठी तीन वर्षं हा उत्तम काळ आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात नऊ विद्यार्थ्यांच्या नावानं याच विषयावर खटला झाला होता. त्यातली एक मुख्य तक्रार अशी की, तिथले अधिकारी नव्या शिक्षकाबद्दलचा निर्णय दोन वर्षंही पुरी होण्याआधी घेतात आणि इतक्या थोड्या वेळात कोणाचं काम कळत नाही. २०१४ मध्ये खालच्या न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या बाजूनं निकाल दिला, २०१६ मध्ये तो अपिलात फिरला. निकाल काहीही असो, तिथे भांडण होतं पारखायला वेळ पुरत नाही याचं. आपल्याकडे पुरी तीन वर्षं आहेत, आणि त्यांत पारखणारा कोणी येत नाही.

या तीन वर्षांत शासनानं काय पाहिलं? पैसे वाचताना पाहिले. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला दशकभर महिना ६,००० रुपये मिळत होते, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,०००. सहा हजारांना तीस दिवसांनी भागलं तर रोजचे दोनशे होतात. २०२२-२३ मध्ये महाराष्ट्रातल्या रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. डीएड झालेला, स्पर्धा परीक्षा देऊन आलेला तरुण त्या वर्षी खडी फोडणाऱ्या मजुरापेक्षा स्वस्त पडत होता. २०२३ मध्ये मानधन १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं, त्याबद्दल शासनाचे आभार. तरी प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी २९,२०० च्या मूळ वेतनापासून सुरू होते, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं निराळं. म्हणजे नवा माणूस तीच पाटी, तोच वर्ग आणि तेवढीच मुलं निम्म्याहूनही कमी पैशांत सांभाळतो आणि तीन वर्षांच्या शेवटी प्रस्ताव जातो. प्रस्तावात नेमणूक आदेश, वैयक्तिक मान्यता, जात पडताळणी, हजेरीचा दाखला आणि मुख्याध्यापकाचं एक ओळीचं प्रमाणपत्र : काम समाधानकारक. त्या एका ओळीवर पुढची तीस-पस्तीस वर्षं आणि हजारभर मुलं सोपवली जातात.

शेतकरी बैल विकत घेतानाही त्याला औताला जुंपून दोन तास चालवून बघतो. तुलना शिक्षकबांधवांना आवडणार नाही, पण बैलाचं नशीब या बाबतीत बरं म्हणायचं.

आत शिरण्याच्या दारावर पहारा किती कडक आहे, हे आपण जाणताच. २०२१ च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी टीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरप्रकार उघडकीस आणला आणि साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांचे निकाल बनावट ठरले. २०२५ मध्ये नागपूर विभागात पगारांच्या शालार्थ प्रणालीत बोगस शिक्षकांचे आयडी तयार करून वर्षानुवर्षं पगार काढल्याचं बाहेर आलं आणि शिक्षण खात्यातल्या वरिष्ठांना अटक झाली. या प्रकरणांमध्ये पोलिसांनी शोधले ते कागद, सह्या, लॉगिन. माझ्या मनात वेगळाच प्रश्न येतो. हे बोगस शिक्षक कुठल्यातरी शाळेच्या पटावर होते, काही तर वर्गावरही जात असतील. तीन वर्षांत एक जाणता माणूस एकदा जरी त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर पाऊण तास बसला असता, तर?

आता हे सगळं सोडून आपण परीक्षा घेतोय ती भलत्यांची. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. ज्या सेवेतल्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, नाहीतर बाहेर पडावं; पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना राहता येईल, पण बढती नाही. न्यायालयानं शिक्षण हक्क कायद्याचा अर्थ लावला, त्यावर मी काय बोलणार. पण वीस वर्षं पहिलीला अक्षरओळख करून देणारी बाई चाळिशीनंतर रात्री पोरांबरोबर बसून बालमानसशास्त्राचे बहुपर्यायी प्रश्न सोडवतेय, हे दृश्य आज घरोघरी आहे. तिला शिकवता येतं का, याचं उत्तर तिच्या वर्गात दहा मिनिटांत मिळालं असतं. ते पाहणारी यंत्रणा असती आणि तिच्या नोंदी असत्या, तर सरकारला आपल्या शिक्षकांची बाजू मांडताना हातात काहीतरी ठोस असतं. नुसती सेवाज्येष्ठता किती पुरते, ते दिसलंच.

आणि हा पाहणारा माणूस कुठून आणायचा, असा प्रश्न आपले अधिकारी विचारतील. पद आहे. केंद्रप्रमुख. राज्यात अशी ४,८६० केंद्रं आहेत, साधारण दहा-बारा शाळांना एक केंद्र. हे पद निर्माण झालं तेच मुळी शाळेत जाऊन शिक्षकाला मदत करण्यासाठी. आज ते वरून आलेली लिंक खाली पाठवण्यासाठी आणि खालून आलेला एक्सेल तक्ता वर पाठवण्यासाठी उरलंय. अनेक जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या, एकेका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा कारभार. शिक्षकांच्या अशैक्षणिक कामांबद्दल खूप लिहिलं जातं, ते योग्यच आहे. केंद्रप्रमुखाच्या अशैक्षणिक कामांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

सर्वांत वाईट अवस्था होते ती लांबच्या शाळांवर. बीड, लातूर, परभणीची मुलं धडगावला, भामरागडला, मेळघाटात रुजू होतात. वर्गातली पोरं पावरी, माडिया किंवा कोरकू बोलतात, हा तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा प्रमाण मराठीतलं पुस्तक घेऊन उभा. शाळा दोन शिक्षकी. दुसरा शिक्षक बहुतेक वेळा मीटिंगला, ट्रेनिंगला किंवा बदलीच्या फेरीत. नव्या शिक्षकाला सर्वांत जास्त आधार जिथे हवा, तिथे तो सर्वांत एकटा असतो. त्यातले काही जण एवढे घडतात की त्यांचे पाठ पाहायला जिल्ह्यातून लोक जातात. काही जण पहिल्या वर्षातच ठरवून टाकतात की आता फक्त बदलीची वाट बघायची. हा मुलगा कुठल्या वाटेला जाईल, हे त्या पहिल्या वर्षात त्याच्याशी कोण बोललं यावर ठरतं, असं माझं मत आहे. आणि अशा ठिकाणी शासनानं अलीकडे काय उपाय काढला, तर निवृत्त शिक्षक २०,००० रुपयांच्या मानधनावर. पुढे कमी पटाच्या शाळांतल्या दुसऱ्या शिक्षकाची जागा १५,००० च्या कंत्राटावर भरायचा जीआर निघाला, तोही ५ सप्टेंबर २०२४ ला. शिक्षकदिनाचा मुहूर्त कोणी काढला, ते कळलं तर बरं होईल.

शिक्षकांच्या पगाराबाबत आणि कामाबाबत एका जुन्या निवेदनाकडे आपलं लक्ष वेधते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे म्हणणं मांडलं, त्यात प्राथमिक शिक्षकांवर बरंच काही आहे. शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा ते वीस रुपये असावा, गावच्या कारभारात त्यांना काही काम देऊन त्यांची पत वाढवावी, असं ते सांगतात. हे आमच्या संघटना भाषणांत आवर्जून सांगतात. त्याच निवेदनात ज्या शिक्षकाची जास्त मुलं उत्तीर्ण होतील त्याला पगाराव्यतिरिक्त खास भत्ता द्यावा, हेही आहे. ते भाषणांत गळतं. जोतीरावांना आधी भरपूर द्यायचं होतं आणि मग कामाचा हिशेबही घ्यायचा होता. दोन्ही एकाच कागदावर, एकाच माणसानं मागितलं होतं. नंतरच्या काळात सरकारनं दुसरं विसरून पहिलं दिलं, आता पहिलं काढून घेऊन दुसऱ्याचं नाव घेतंय.

म्हणून माझी मागणी सांगते. शिक्षण सेवकाला पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतनश्रेणी द्या आणि त्या तीन वर्षांना खरा परिवीक्षा काळ करा. प्रत्येक सत्रात किमान दोनदा कोणीतरी त्याच्या वर्गात पूर्ण तास बसावं. एकदा केंद्रप्रमुख, एकदा दुसऱ्या शाळेतला अनुभवी शिक्षक, वर्षातून एकदा जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतला अधिव्याख्याता. पाहणाऱ्यानं मुलांच्या वह्या चाळाव्यात, मागच्या रांगेतल्या पोराकडून चार ओळी वाचून घ्याव्यात, शिक्षक त्या पोराला नावानं हाक मारतो का ते बघावं. जे दिसलं ते लिहावं, त्याची प्रत शिक्षकाला त्याच दिवशी द्यावी आणि पुढच्या भेटीत तिथूनच सुरुवात करावी. तिसऱ्या वर्षाअखेरीस कारणांसह आदेश निघावा. मुदतीत आदेश निघाला नाही तर शिक्षक आपोआप कायम. दिरंगाई खात्याची आणि शिक्षा त्याला, असं होता कामा नये.

खाजगी संस्थांत हेच हत्यार होईल, ही भीती मला आहे, आणि मी ते जवळून पाहिलंय. पाठ खराब असल्याचा शेरा लिहायला सांगणारे अध्यक्ष असतात आणि लिहून देणारे मुख्याध्यापकही. त्यामुळे पाहणाऱ्यांत संस्थेचं कोणी नको, मुख्याध्यापकही नको. १९८१ च्या नियमांतल्या पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीची कल्पना इथेही चालेल. नावं जिल्ह्यानं चिठ्ठ्या टाकून काढावीत आणि एकच माणूस एका शिक्षकाकडे सलग दुसऱ्यांदा जाऊ नये. तरी थोडे गैरप्रकार होतील. आज जे चाललंय, त्यापेक्षा कमी होतील.

एकदा माणूस असा पारखून घेतला की मग त्याला कायम करा आणि मनापासून कायम करा. त्याच्यावर दर दोन वर्षांनी नवं पोर्टल आणि नवा संशय लादू नका. तो आळसावलाच तर पहिल्या तीन वर्षांत कसा होता, हे दाखवणाऱ्या नोंदी असतील, आणि १९८१ च्या नियमावलीतल्या नियम २८ ला त्याच तर हव्या असतात.

पैशांचा प्रश्न वित्त विभाग काढेल. शिक्षण सेवकांच्या मानधनातून आजवर किती वाचले, ते त्यांच्याकडे असेलच. त्याच्या शेजारी शालार्थ प्रकरणात बोगस पगारांवर गेलेली रक्कमही मांडायला सांगा, आणि मग बोलू.

अभियोग्यता चाचणीतून आलेली प्रत्येक तुकडी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून शाळांवर पोहोचते. ती रुजू झाली की तिची तीन वर्षं सुरू होतात, म्हणजे घड्याळ चालू होतं. केंद्रप्रमुखांच्या रिकाम्या जागा आणि त्यांच्याकडचे एक्सेल तक्ते, एवढ्या दोन गोष्टी या सत्रात हातावेगळ्या झाल्या तर पहिली भेट दिवाळीच्या सुट्टीआधीही देता येईल. कुठल्या तालुक्यापासून सुरुवात करावी असा प्रश्न पडला, तर धडगाव सुचवेन. तिथे पोहोचायला वेळ लागतो, पण एका दिवशी एकच शाळा करायची ठरवली तर जमतं.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका